गल्ली पाडून इमारत उभारायची का? बेळगावच्या जुन्या भागासाठी एक उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या जुन्या भागातली एक गल्ली, ३८ घरे, त्यातली निम्म्याहून जास्त मातीच्या भिंतींची आणि कौलारू. एका बिल्डरने पंचांपुढे प्रस्ताव ठेवला आहे: सगळी गल्ली एकदम पाडायची, तीन इमारती उभ्या करायच्या, प्रत्येकाला ‘आहे तेवढी जागा’ द्यायची, बांधकाम होईपर्यंत भाडे द्यायचे आणि वर घरटी काही रोख. विचारणारा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला आणि त्याच्या भावाला हे पटते, वडिलांना पटत नाही. गल्लीत दोन तट पडलेत, गणपतीच्या वर्गणीपर्यंत वाद गेला आहे. लालबागच्या मावसभावाला जुन्या चाळीच्या बदल्यात फुकट फ्लॅट मिळाला, मग आम्हाला का नको, असेही त्याने विचारले आहे.

चौतीस वर्षे मी याच शहरात घरे मोजतो, पाडतो, बांधतो आणि त्याहून जास्त वेळा टेकू लावून उभी ठेवतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी लालबाग बाजूला ठेवू. मुंबईत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या इमारती आहेत, म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे, विकास नियमावलीतले ३३(७) कलम आहे. ५१ टक्के लोकांनी संमती दिली की प्रकल्प पुढे सरकतो आणि जुन्या भाडेकरूंना घर देण्याच्या बदल्यात बिल्डरला जादा एफएसआय (जागेच्या मानाने किती बांधता येते ते प्रमाण) मिळतो. ते जादा बांधकाम तो मुंबईच्या भावाने विकतो. तुमच्या मावसभावाचा फ्लॅट फुकट नाही, त्याचे पैसे त्याच आवारातल्या विक्रीच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या माणसाने भरलेत. आपण कर्नाटकात आहोत. इथे बुडा म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण आहे, महापालिका आहे, १९६१ चा नगररचना कायदा आहे. उपकर नाही, दुरुस्ती मंडळ नाही, खासगी मालकीच्या घरांना लागू होणारा ५१ टक्क्यांचा नियम नाही. इथे ३८ घरांची ३८ कुटुंबे, आणि प्रत्येक कुटुंबात उताऱ्यावर जितकी नावे तितक्या सह्या. एकाने नाही म्हटले तर त्याचे घर मधोमध उभे राहते. बिल्डर याला अडचण म्हणतो. तुमच्या वडिलांचे तेच संरक्षण आहे.

आता हिशेब. मी तुमची गल्ली पाहिलेली नाही, म्हणून आकडे धरून चालतो. सर्व्हेचे खरे आकडे घालून हाच हिशेब तुम्ही स्वतः करा.

समजा सरासरी जागा १,२०० चौरस फूट. ३८ घरांची मिळून ४५,६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ४२ गुंठे. आज सोपा, माजघर, माळा धरून प्रत्येकाचे बांधकाम १,५०० फूट असेल तर एकूण ५७,०००. परवानगीत १.७५ एफएआर (मुंबईत ज्याला एफएसआय म्हणतात तेच) मिळाला असे धरू, म्हणजे जवळपास ८०,००० चौरस फूट बांधता येईल. त्यातून जिना, लिफ्ट, भिंतींची जाडी, पाण्याच्या टाक्या, येण्याजाण्याची वाट यांत पाचवा हिस्सा सहज जातो. वापरायला उरले ६४,०००. ‘आहे तेवढी जागा’ खरोखर दिली तर ५७,००० तुमचे. बिल्डरच्या हातात ७,००० फूट. ती ६,००० रुपये भावाने विकली तर ४ कोटी २० लाख. आणि ८०,००० फूट बांधायचा खर्च, २,००० रुपये फुटाने धरला तरी, १६ कोटी.

चार कोटींत सोळा कोटींचे काम करायला कोणी येत नाही. आला असेल तर तफावत कुठून तरी भरून निघणार आहे. एक तर ‘जागा’ या शब्दाचा अर्थ करारात बदललेला असेल, म्हणजे १,५०० फूट सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टचा वाटा धरून) देऊन घरात वापरायला ११०० देतील. किंवा तुमचे परडे, मागची न्हाणी आणि विहिरीची जागा हिशेबात धरलीच नसेल. किंवा रस्त्याकडचा सगळा दर्शनी भाग दुकानांसाठी तो स्वतःकडे ठेवणार आणि तुम्हाला मागे, वर. किंवा भाडेकरूंना काही न देता बाहेर काढायचे असेल. किंवा, आणि हे मी दोनदा पाहिले आहे, त्याला बांधायचेच नसते. सगळ्यांकडून मुखत्यारपत्र घ्यायचे आणि तो करार घेऊन मोठा खरेदीदार शोधत फिरायचे. अशा एका जागेवर आठ वर्षे नुसते खांब उभे होते, सळ्या गंजून वाकल्या, आणि घरमालक तिघे तीन ठिकाणी भाड्याने राहत होते. भाडे पहिली दीड वर्षे मिळाले.

एफएआर १.७५ मिळेल हेसुद्धा मी उदार मनाने धरले आहे. तो रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. मंडळाच्या पोरांना सांगा, फीत घेऊन गल्ली मोजा, दोन्ही टोकांना आणि मधे. जुन्या बेळगावातल्या बहुतेक गल्ल्या चार ते सहा मीटर भरतात, कट्टे आणि पायऱ्या धरल्या तर त्याहून कमी. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटरच्या पुढच्या इमारतीला उंच इमारत मानते आणि तिच्यासमोरचा रस्ता किमान १२ मीटर मागते, कारण अग्निशमनची गाडी आत यायला हवी, वळायला हवी. प्रस्तावात कुठे तरी ‘रस्ता रुंद करून’ असे शब्द असतील. ती रुंदी तुमच्याच घरांतून काढली जाणार. दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर सोडले की वर धरलेले ४५,६०० फूट तेवढे राहत नाही.

महापालिकेने स्वतः रस्ता रुंद करायला घेतला तर गोष्ट वेगळी. तिथे २०१३ चा भूसंपादन कायदा लागू होतो आणि शहरी भागात बाजारभाव अधिक तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट, मिळायला हवी. त्याऐवजी टीडीआरचा, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधण्याच्या हक्काचा, कागद पुढे केला तर लक्षात ठेवा, तो विकत घेणारा मिळाला तरच त्याचे पैसे होतात. बंगळूरमध्ये गिऱ्हाईक असते, इथे शोधावे लागते. बेळगावचे नाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आले, त्यानंतर इथे रस्त्यांची कामे झपाट्याने झाली आणि काही ठिकाणी कागद मागे राहिले. शहापुरातल्या बँक ऑफ इंडियापासून जुन्या पी. बी. रोडकडे जाणाऱ्या रस्त्याचे काय झाले ते सगळ्या गावाला माहीत आहे. जागा रीतसर न घेता रस्ता झाला आणि पुढे हायकोर्टाचा फटका बसला. तेव्हा ‘रस्ता होणारच आहे, आताच सही करा’ असे कोणी म्हणाले तर भूसंपादनाची अधिसूचना दाखवा म्हणायचे.

तळघरातल्या पार्किंगबद्दल एकच सांगतो. जुन्या बेळगावात घराघरांत आड होते ते उगाच नव्हते. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणली, आजही तिला पाणी आहे. पावसाळ्यात जुन्या भागातल्या आडांचे पाणी किती वर येते ते आईला विचारा, ती हाताने दाखवेल. तिथे तळघर खणले की जुलै ते ऑक्टोबर पंप चालू ठेवायचे, आणि विजेचे बिल सोसायटीने भरायचे. शेजारच्या मातीच्या भिंतीखालची जमीनही त्या उपशाने खचते.

आता तुमच्या वडिलांकडे वळतो. त्यांची बाजू घेतोय असे वाटत असेल तर थांबा. घरे ठीक आहेत, पूर्वजांनी काय बांधले होते, असे म्हणणाऱ्यांनाही मी तितकाच वैतागलेलो आहे. मातीची भिंत आपोआप पडत नाही, आपण ती पाडतो. पाडायची रीत अशी. भिंत ओलसर दिसते म्हणून कोणी तरी बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतो. माती ओल घेते आणि सोडते, चुन्याचा गिलावा तिला सोडू देतो. सिमेंट बाहेरची वाट बंद करते, ओल आत साठते, पाया मऊ होतो. वरून रंग झकास. त्यात शेजारी गटार तुंबलेले, न्हाणीचे पाणी भिंतीकडेने जाणारे, नळाची जुनी पाइपलाइन जमिनीत झिरपणारी. १० वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आले तेव्हा नव्या पाइपा टाकल्या, पण घराच्या आतली जोडणी किती जणांनी बदलली? आठवड्यातून दोनदा येणाऱ्या पाण्याला जी पाइप पुरली ती चोवीस तासांच्या दाबाला झिरपणारच. मी घर तपासायला गेलो की आधी न्हाणी बघतो, छप्पर नंतर.

आणि पडते तेव्हा चेष्टा नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगीला पावसात भिंत कोसळून सात माणसे गेली. ते खेडे होते, पण भिंत तुमच्या गल्लीतल्यासारखीच. तेव्हा वडिलांना सांगा की ‘काही करायचे नाही’ हा पर्याय शिल्लक नाही. प्रश्न एवढाच की काय करायचे आणि कोणत्या क्रमाने.

क्रमाला मी महत्त्व देतो त्याचे कारण सामाईक भिंत. तुमच्या गल्लीत प्रत्येक दोन घरांमध्ये एकच भिंत असेल, दोन्हीकडच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गल्लीत मधल्या घरमालकाने मे महिन्याच्या शेवटी जेसीबी आणून तीन दिवसांत घर भुईसपाट केले. पाया खणायला घेतला आणि पाऊस आला. दोन्ही बाजूंच्या भिंती, ज्यांनी शंभर वर्षे पाऊस पाहिला नव्हता, त्या आता उघड्या पडल्या होत्या. मी ताडपत्री, लाकडाचे तिरपे टेकू, वाळूची पोती असे सगळे केले. डावीकडची भिंत वाचली. उजवीकडची एका रात्री बसली. सुदैवाने माजघरात कोणी झोपलेले नव्हते. त्या दोन घरांत आजही बोलणे नाही, आणि दावा कोर्टात आहे. म्हणून माझा नियम: कौलारू रांगेतले घर मार्चनंतर पाडायला घ्यायचे नाही. पाडायचे ते हाताने, वरून खाली, आणि शेजारची भिंत आधी बांधून.

कागदांबद्दल आता जरा सविस्तर, कारण गल्ल्या अडतात त्या इथेच. बिल्डरचा प्रस्ताव स्वीकारा की स्वतः बांधा, उतारा स्वच्छ नसेल तर परवानगीच्या खिडकीपाशीच सगळे थांबते. तुमच्या ३८ घरांपैकी किती उतारे हयात माणसाच्या नावावर आहेत, मोजले का? माझ्या अनुभवात जुन्या गल्लीत निम्मे सीटीएस (सिटी सर्व्हेचे) उतारे आजोबा किंवा पणजोबांच्या नावावर असतात. वारसा लावलेला नसतो, कारण लावायला गेले की वाटणीचा विषय निघतो आणि तो विषय कोणालाच नको असतो. २०२४ पासून शहरातल्या मिळकतीच्या खरेदी-विक्रीच्या नोंदणीला ई-खाते, म्हणजे महापालिकेच्या मिळकत नोंदीचा संगणकीय उतारा, लागते. मेलेल्या माणसाचे ई-खाते निघत नाही.

त्यात बहिणी. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की तो जन्मानेच आहे, दुरुस्तीच्या तारखेला वडील हयात होते की नव्हते हा प्रश्न नाही. कोल्हापूरला, गडहिंग्लजला, गोव्याला दिलेल्या आत्या आणि बहिणी आठवा. ‘त्या काय मागणार’ असे म्हणत बिल्डरशी करार करणारे भाऊ मी पाहिलेत, आणि चार वर्षांनी भाचा वकील घेऊन आलेलाही पाहिलाय. हक्कसोड पत्र करून घ्यायचे असेल तर बहिणीला समोर बसवून, सगळा हिशेब सांगून, तिचा हिस्सा किती होतो ते आकड्यात सांगून करा. तिने मागितला तर द्या. राखीच्या दिवशी पेढे घेऊन सही मागायला जाणे मला नीट वाटत नाही. कायदा राहू दे, माणूस म्हणून.

तुमची गल्ली शहापूरकडची असेल तर आणखी एक घोळ. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, बेळगाव मुंबई इलाख्यात. म्हणून जुने कागद वेगवेगळ्या दप्तरांतले, काही मोडीत. मिळकतीची हद्द मोडी कागदात ‘पूर्वेस अमक्याचे परडे, दक्षिणेस आड’ अशी लिहिलेली असते. तो आड आज कोणाच्या स्वयंपाकघराखाली आहे हे शोधायला मी एकदा चार दिवस घालवले. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत, पण म्हातारी झालीत. या कामाला उशीर करू नका.

आणि करार कोणत्या भाषेत आहे? बेळगावात हे विचारावेच लागते. नोंदणी, खाते, महापालिकेची नोटीस सगळे कन्नडमध्ये येते. आपल्या लोकांना बोलायला कन्नड येते, पण चौदा पानांचा करार वाचण्याइतके किती जणांना येते? मग ‘ते नेहमीचेच आहे हो, इथे सही करा’ यावर काम होते. जिथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात हे धोरण जुने आहे, ते मागत राहावे. पण तुमच्या घराचा करार तोवर थांबणार नाही. बिल्डरकडून मराठी भाषांतर घेऊ नका, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या. दोन-चार हजारांचा खर्च आहे.

गल्लीतल्या दुसऱ्या तटाची जी भीती आहे, तीही याच ठिकाणी बोलून टाकतो, कारण ती कुजबुजीत राहिली की विषारी होते. ‘आपल्याला पांगवायचे आहे, गल्ली मोडली की मराठी वॉर्ड मोडला.’ सीमाभागात १९५६ पासून जे झाले ते पाहता अशी शंका येणे मला खुळेपणाचे वाटत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, लोक वाट बघत बसलेत. पण माझ्या कामातला अनुभव सांगू? गल्ल्या पांगल्या त्या कोणी कट केला म्हणून नव्हे. घरात दोन शौचालये नाहीत, सुनेला जिना उतरून परड्यात जावे लागते, मुलगी द्यायला आलेले पाहुणे घर बघून गप्प होतात, मुलगा हिंदवाडीत किंवा थेट पुण्यात फ्लॅट घेतो. मग उरतात म्हातारी आणि कुलपे. त्यामुळे ‘काही बदलू नका’ म्हणणाऱ्यांनीही गल्ली रिकामी केली आहे. तुम्ही स्वतः पुण्यातून लिहिताय, हे मी टोमण्याने म्हणत नाही.

भाडेकरूंचा उल्लेख तुमच्या प्रश्नात एका ओळीत आहे, ‘सात-आठ भाडेकरू आहेत, त्यांचे बघून घेऊ’. बघून घेऊ म्हणजे काय? वडगाव-खासबाग-शहापूर पट्ट्यात भाडेकरू म्हणजे पुष्कळदा विणकर, आणि त्याचा माग त्याच घरात. घर गेले की धंदा गेला, पाचव्या मजल्यावर पॉवरलूम बसत नाही. मुंबईसारखी पागडीची मान्यता इथे नाही. कर्नाटकाच्या १९९९ च्या भाडे कायद्यात भाडेकरू वारला तर वारसांना भाडेहक्क पाच वर्षांपुरता जातो, कायमचा नाही. म्हणजे कायद्याने त्यांची बाजू आपल्याला वाटते त्याहून लंगडी आहे, आणि म्हणूनच त्यांच्याशी आधी बोलायला हवे. दुसरे असे, की हाकललेला भाडेकरू कोर्टात गेला तर प्रकल्प अडतो. माझ्या माहितीतल्या एका जागेत मालक-भाडेकरूंनी बसून ठरवले की भाडेकरूला तळमजल्यावर लहान पण मालकीची जागा, त्याने बांधकामखर्चाचा काही भाग द्यायचा. सगळे समाधानी नव्हते, पण काम सव्वा वर्षात झाले.

मग मी काय करेन? सगळी गल्ली एकदम पाडणार नाही. शेजारशेजारची तीन-चार घरे मिळून एक गट, असे गट पाडेन. जुन्या जागा पंधरा-वीस फूट तोंडाच्या आणि ऐंशी-शंभर फूट खोल असतात. एकट्याने बांधायला गेले की बाजूला जागा सोडावी लागते आणि घर बोळ होते. तिघांनी मिळून बांधले की मधे एक जिना, एक चौक, दोन्ही बाजूंना उजेड, तळमजला अधिक दोन, आणि सामाईक भिंतीचा प्रश्न गटाच्या आतच मिटतो. गल्लीची ओळ तीच राहते, देवळापुढची मोकळी जागा तीच, शिवजयंतीचा चित्ररथ वळतो तो कोपराही तोच.

हे हवेतले नाही. पुण्यात येरवड्याला २००९ नंतर शासनाच्या घरकुल योजनेतून वस्ती न हलवता घरे बांधली गेली, साधारण २७० चौरस फुटांची, ज्याच्या त्याच्या जागेवर. जिथे जागा फारच लहान होत्या तिथे शेजाऱ्यांनी मिळून वर चढायचे ठरवले, आणि बोळ रुंद करायला लोकांनी आपणहून थोडी थोडी जागा सोडली. ती झोपडपट्टी होती, तुमची गल्ली मालकीची आहे, म्हणून तंतोतंत नक्कल होणार नाही. पण लोक एका जागी राहून घरे नवी करू शकतात एवढे त्यातून दिसले. दुसऱ्या टोकाचे उदाहरण मुंबईच्या भेंडी बाजारचे. १६.५ एकर, सुमारे ३,२०० कुटुंबे, एका समाजाचा ट्रस्ट २००९ पासून मागे लागलेला. एक धर्मसंस्था, एक नेतृत्व, मुंबईचा जमिनीचा भाव, हे सगळे जुळूनही दीड दशक लोटले तरी काम चालूच. तुमच्या पंचांकडे यातले काय आहे?

गल्ली झोपडपट्टी म्हणून घोषित करून योजनेचे पैसे आणू, असे कोणी नगरसेवकाने सुचवले असेल तर विचार करून हो म्हणा. १९७३ च्या कर्नाटक कायद्याखाली तशी घोषणा झाली की पाडण्या-बांधण्यावर बंधने येतात आणि तो शिक्का लवकर पुसत नाही. त्यापेक्षा ज्यांचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे आणि दुसरे पक्के घर नाही, त्यांनी प्रधानमंत्री आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर बांधण्याचा घटक बघावा. केंद्राचे दीड लाख मिळतात. त्यात घर होत नाही, पण पाया आणि शौचालय होते. आणि पुन्हा, उतारा नावावर लागतो.

घरांच्याही आधी मी गटार घेईन. घरे पाडायला सगळ्यांची संमती लागते, गटाराला पंचांचे एक पत्र पुरते. गल्लीचे सांडपाणी कुठे जाते ते शेवटपर्यंत चालत जाऊन बघा. जुन्या शहराचे बरेचसे पाणी शेवटी बळ्ळारी नाल्याला मिळते, आणि नाला तुंबला की वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातले शेतकरी भात पाण्यात बघत बसतात. म्हणजे तुमच्या न्हाणीचे पाणी दुसऱ्याच्या बांधावर जातेय. गटार भिंतीपासून दूर सरकवा, न्हाण्यांच्या पाइपा बदला, सिमेंट गिलावा खरवडून चुन्याचा लावा, कौले शाकारून घ्या. एका घराला साधारण लाख-दीड लाखात होते. याने घर पाच-सात वर्षे निर्धास्त राहते आणि तेवढ्यात वारसा, वाटणी, ई-खाते निपटता येते.

एवढे सगळे ऐकूनही बहुमत बिल्डरच्याच बाजूने गेले, तर निदान करार असा करून घ्या. जागा कार्पेटमध्ये, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायच्या फुटांत, लिहायची, खोलीवार नकाशा जोडून. घर रिकामे करायचे ते परवानगी हातात आल्यावर, आधी नाही. तुमची जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठांपेक्षा जास्त, म्हणून रेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेखीच्या कायद्याची) नोंदणी लागते, तिचा क्रमांक मागा. पण रेरात ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायचा नियम फ्लॅट घेणाऱ्यांच्या पैशासाठी आहे. त्याने तुमच्या भाड्याची हमी होत नाही. त्यासाठी बँक गॅरंटी घ्या, किमान दोन वर्षांच्या भाड्याएवढी. मुखत्यारपत्र विक्रीचे देऊ नका, परवानगी काढण्यापुरते द्या. आणि देवस्थानची, तालमीची, मंडळाच्या भांड्यांच्या खोलीची जागा कोणाच्या नावे राहणार ते लिहून घ्या. ती कोणाचीच नसते, म्हणून सगळ्यात आधी जाते.

येत्या बैठकीत बिल्डरला मराठीत एकच प्रश्न विचारा: ‘आमचे दिल्यावर तुमच्याकडे विकायला किती फूट उरतात?’ त्याने आकडा सांगितला तर वरचा हिशेब समोर मांडून बसा. तो उत्तर देताना तुमच्या वडिलांना शेजारी बसवा. आणि रांगेतल्या ज्या घराच्या दर्शनी भिंतीला बाहेरच्या बाजूला पोट आलेय असे तुम्ही लिहिलेय, ते कुणाचेही असो, जूनच्या आत त्याला टेकू लागला पाहिजे. तेवढ्यासाठी बैठकीची वाट बघू नका.